पुरावा कोठे आहे? – कॅप्टन रॅमसेच्या चरित्राचा अभ्यास

चरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थोर माणसे येतात. त्यांचे कष्ट, त्याग आणि यश वाचून आपण त्यांच्यासारखे व्हावे, असे आपल्याला वाटते. आज मात्र आपण अशा एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत, ज्याचे अनुकरण कोणीही करू नये. त्याचे नाव आर्चिबाल्ड हेन्री मॉल रॅमसे. हा स्कॉटलंडमधील सरदार घराण्यातला लष्करी अधिकारी पुढे ब्रिटिश संसदेचा सभासद झाला आणि दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्याच देशाच्या तुरुंगात खटल्याविना चार वर्षांहून अधिक काळ राहिला.

मग असे चरित्र अभ्यासायचे कशासाठी? वर्गात गणिताचे उदाहरण चुकले, तर नेमके कोणत्या पायरीवर चुकले, हे आपण शोधतो. माणसाच्या आयुष्यातली चुकलेली पायरीही तशीच शोधता येते. शिवाय नागरिकशास्त्रात तुम्ही ‘व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क’ हा धडा शिकता. तो हक्क प्रत्यक्षात किती कसोटीला लागतो, हेही या गोष्टीतून समजते. वाचताना एकच प्रश्न मनात ठेवा : पुरावा कोठे आहे?

घराणे आणि शिक्षण

रॅमसेचा जन्म ४ मे १८९४ रोजी झाला. तो डलहौसीच्या अर्ल घराण्याच्या एका शाखेतला. डलहौसी हे नाव मराठी माणसाला नवे नाही. १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी व नागपूर ही राज्ये खालसा करणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याच रॅमसे कुळातला होता.

इंग्लंडमधील नामांकित ईटन शाळेत आणि नंतर सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात त्याचे शिक्षण झाले. १९१३ मध्ये तो कोल्डस्ट्रीम गार्ड्स या जुन्या पलटणीत अधिकारी झाला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्समधील आघाडीवर लढताना १९१६ मध्ये त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. बरा झाल्यावर त्याने लष्करी कचेऱ्यांत काम केले आणि युद्ध संपल्यावर कॅप्टनच्या हुद्द्यावरून तो निवृत्त झाला. १९१७ मध्ये त्याचा विवाह इस्मे प्रेस्टन हिच्याशी झाला. तिचे पहिले पती लॉर्ड निनियन क्रायटन-स्टुअर्ट हेही संसद सभासद होते आणि १९१५ मध्ये रणांगणावर मारले गेले होते.

म्हणजे या माणसापाशी काय नव्हते? घराणे होते, उत्तम शाळा होती, शौर्य होते आणि देशासाठी सांडलेले रक्तही होते. हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुढे जे घडले, त्याचे कारण अज्ञान किंवा गरिबी हे नव्हते.

रणांगणावरून संसदेत

१९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत रॅमसे ‘पीबल्स व दक्षिण मिडलोथियन’ या स्कॉटिश मतदारसंघातून उभा राहिला. पीबल्सच्या बाजूला लोकरीच्या गिरण्या आणि मिडलोथियनच्या बाजूला कोळशाच्या खाणी, असा हा भाग. युनियनिस्ट पक्षाच्या, म्हणजेच स्कॉटलंडमधील हुजूर पक्षाच्या तिकिटावर तो निवडून आला. मजूर पक्षाचे जोसेफ वेस्टवूड यांचा त्याने पराभव केला. १९३५ मध्ये तो पुन्हा निवडून आला. या काळात तो एक साधा, फारसा कोणाच्या लक्षात न राहणारा सभासद होता. बटाट्याच्या विक्रीची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळावरही त्याने काम केले.

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले. एका बाजूला लोकनियुक्त सरकार आणि त्याला साथ देणारे डावे पक्ष, तर दुसऱ्या बाजूला जनरल फ्रँकोचे बंडखोर सैन्य. धार्मिक वृत्तीच्या रॅमसेने फ्रँकोची बाजू घेतली. साम्यवादी आपला धर्म बुडवतील, अशी भीती त्याच्या मनात घर करून बसली. अशी भीती त्या काळी अनेकांना वाटत होती. भीती वाटणे हा काही गुन्हा नाही. परंतु भ्यालेला माणूस कारण शोधू लागतो आणि कोणी तयार कारण हातात ठेवले, तर ते तपासून पाहण्याचे भान त्याला राहत नाही.

एका बनावट पुस्तकाची गोष्ट

१९३८ च्या सुमारास डेनिस फाही नावाच्या आयरिश धर्मगुरूची एक पुस्तिका रॅमसेच्या हाती आली. रशियातील क्रांती ही ज्यू लोकांची करणी आहे, असा तिचा सूर होता. रॅमसेला ते पटले. त्यानंतर जगात जे जे वाईट घडते, त्यामागे ज्यूंचे गुप्त कारस्थान आहे, असे तो मानू लागला.

ज्यू म्हणजे कोण, हे आपल्याला लांब जाऊन शोधावे लागत नाही. कोकणात, अलिबागच्या परिसरात, बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. मराठी हीच त्यांची घरची भाषा. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी धर्माज्ञेप्रमाणे ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांनी त्यांची वेगळी रीत पाहिली, तिला एक नाव दिले आणि त्यांच्याकडून तेल घेतले. युरोपात मात्र याच धर्माच्या लोकांवर शतकानुशतके खोटे आरोप होत आले.

त्या आरोपांना आधार म्हणून ‘प्रोटोकॉल्स’ नावाच्या एका पुस्तकाकडे बोट दाखवले जाई. ज्यू पुढाऱ्यांच्या गुप्त बैठकांचा हा वृत्तांत आहे, असा दावा करून ते १९०३ मध्ये प्रथम रशियात छापले गेले. पुढे त्याची इंग्रजी व अन्य भाषांतरे झाली. ऑगस्ट १९२१ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ या वृत्तपत्राचे वार्ताहर फिलिप ग्रेव्ह्ज यांनी त्याचे बिंग फोडले. १८६४ मध्ये मोरिस जोली या फ्रेंच लेखकाने सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणारे एक उपरोधिक पुस्तक लिहिले होते. त्यात ज्यूंचा काही संबंधच नव्हता. ‘प्रोटोकॉल्स’मधील उतारेच्या उतारे त्या पुस्तकातून उचललेले होते! ग्रेव्ह्ज यांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून हे दाखवून दिले. परीक्षेत दुसऱ्याच्या वहीतून उतरवून काढणारा विद्यार्थी जसा पकडला जातो, अगदी तसेच हे होते.

रॅमसेने या मार्गावर पाऊल टाकले, तेव्हा या गोष्टीला सतरा वर्षे झाली होती. ‘टाइम्स’ हे त्याच्या वर्गातल्या लोकांचे नेहमीचे वर्तमानपत्र. तरीही आयुष्याच्या अखेरपर्यंत तो ‘प्रोटोकॉल्स’ खरे मानत राहिला. चुकलेली पायरी ती हीच. पुरावा समोर होता. पण तो आपल्या मताच्या विरुद्ध आहे, म्हणून त्याने तो पाहण्याचे नाकारले.

लाल वही

मे १९३९ मध्ये रॅमसेने ‘राइट क्लब’ नावाची एक गुप्त संघटना काढली. आपल्या पक्षातील ज्यूंचा तथाकथित प्रभाव मोडून काढणे, हा तिचा हेतू होता. सभासदांची नावे तो कुलूप असलेल्या एका लाल चामडी वहीत लिहून ठेवी. वहीत सुमारे २३५ स्त्री-पुरुषांची नावे होती. त्यांत सरदार होते, संसद सभासदही होते. ही वही आज लंडनमधील वीनर ग्रंथालयात अभ्यासकांसाठी जपून ठेवलेली आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. तरीही क्लबातील काही मंडळी भेटत राहिली. त्यांच्यातली एक होती ॲना वोल्कॉफ. तिचे वडील झारच्या आरमारात ॲडमिरल होते. क्रांतीनंतर सर्वस्व गमावलेले हे कुटुंब लंडनमध्ये एक चहाचे उपाहारगृह चालवीत असे. ॲनाची ओळख टायलर केंट याच्याशी झाली. केंट हा अमेरिकेच्या लंडनमधील वकिलातीत सांकेतिक तारा लिहिणारा व उलगडणारा कारकून होता. तो वकिलातीतले गुप्त कागद चोरून घरी आणी. असे १,९२९ कागद पुढे त्याच्या घरी सापडले. चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्यातील गुप्त पत्रव्यवहारही त्यांत होता. केंटने त्यातले काही कागद रॅमसेला दाखवले. रॅमसेनेही आपली लाल वही केंटकडेच ठेवायला दिली. कारण परदेशी वकिलातीतील माणसाच्या घराची झडती सहसा घेता येत नाही.

परंतु ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या स्त्रिया क्लबात सभासद म्हणून आधीच शिरलेल्या होत्या. अमेरिकेचे राजदूत जोसेफ केनेडी यांनी केंटचे संरक्षण काढून घेतले आणि २० मे १९४० रोजी त्याच्या घराची झडती झाली. कागद सापडले, लाल वहीही सापडली.

खटल्याविना कैद

तो काळ कसा होता, ते समजून घेऊ. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा हॉलंड व बेल्जियममध्ये घुसल्या. त्याच दिवशी चर्चिल पंतप्रधान झाले. फ्रान्स कोसळण्याच्या बेतात होता. नॉर्वेत क्विसलिंग या देशी पुढाऱ्याने शत्रूला साथ दिल्याचे ताजे उदाहरण समोर होते. आपल्याकडेही असे पंचमस्तंभी आहेत का, या शंकेने ब्रिटन ग्रासले होते.

ब्रिटनच्या संरक्षण नियमांत ‘अठरा-ब’ नावाचा एक नियम होता. देशाच्या सुरक्षेला एखाद्या व्यक्तीपासून धोका आहे, असे मानण्यास ‘वाजवी कारण’ असेल, तर गृहमंत्री तिला खटल्याविना स्थानबद्ध करू शकत असे. २२ मे रोजी हा नियम आणखी कडक करण्यात आला. २३ मे १९४० रोजी रॅमसेला पकडून ब्रिक्स्टन तुरुंगात ठेवण्यात आले. ब्रिटनमधील फॅसिस्टांचा पुढारी ओस्वाल्ड मोस्ले यालाही त्याच दिवशी अटक झाली. या नियमाखाली हजाराहून अधिक लोक कैदेत गेले. परंतु त्यांत विद्यमान संसद सभासद एकटा रॅमसेच होता.

केंट व वोल्कॉफ यांच्यावर न्यायालयात खटले चालले. बंद दाराआड का होईना, पुरावा मांडला गेला आणि नोव्हेंबर १९४० मध्ये केंटला सात, तर वोल्कॉफला दहा वर्षांची शिक्षा झाली. रॅमसेवर मात्र खटला कधीच चालला नाही. सल्लागार समितीपुढे त्याला आपली बाजू मांडता आली, पण सुटका झाली नाही.

लोकप्रतिनिधीला असे डांबून ठेवणे हा संसदेचा हक्कभंग नाही काय? हा प्रश्न सभागृहात आला. रॅमसेची मते बहुतेक सभासदांना किळसवाणी वाटत होती. तरीही सभागृहाने प्रश्न टाळला नाही. विशेषाधिकार समितीने चौकशी केली आणि ऑक्टोबर १९४० मध्ये हक्कभंग झालेला नाही, असा अहवाल दिला. सभासदाला संसदेतील भाषणाबद्दल पकडले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. त्याचे सभासदत्वही काढून घेतले गेले नाही. तुरुंगातून तो लेखी प्रश्न पाठवू शकत होता.

याच काळात त्याने एका अमेरिकन वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. शत्रूला माहिती पुरवल्याचा त्याच्यावर छापलेला आरोप सिद्ध झाला नाही, म्हणून १९४१ मध्ये तो दावा जिंकला. पण भरपाई किती मिळाली? एक फार्दिंग! म्हणजे पेनीचा चौथा भाग, आपल्या भाषेत दमडी. आरोपाला पुरावा नाही, हे न्यायालयाने मान्य केले आणि या माणसाच्या अब्रूची किंमतही सांगून टाकली.

पुरावा सरकारलाही मागावा

आता या अभ्यासातील सर्वांत विचार करण्याजोगा भाग. याच ‘अठरा-ब’ नियमाखाली मे १९४० मध्येच रॉबर्ट लिव्हरसिज नावाचा हवाई दलातील एक अधिकारी पकडला गेला. तो ज्यू कुटुंबात जन्मलेला होता. म्हणजे ज्यूंचा द्वेष करणारा रॅमसे आणि ज्यू कुळातला लिव्हरसिज, दोघेही एकाच नियमाने खटल्याविना तुरुंगात गेले. एखाद्या दुष्टासाठी म्हणून आपण जो कठोर नियम मान्य करतो, तो फक्त त्याच्यापुरता राहत नाही.

लिव्हरसिजने गृहमंत्री जॉन अँडरसन यांच्याविरुद्ध दावा केला. हेच अँडरसन १९३२ ते १९३७ या काळात बंगालचे गव्हर्नर होते. लिव्हरसिजचे म्हणणे साधे होते : माझ्यावर संशय घेण्याचे वाजवी कारण काय, ते न्यायालयाला सांगा. नोव्हेंबर १९४१ मध्ये सर्वोच्च पातळीवरील पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी निकाल दिला, की मंत्र्याला तसे प्रामाणिकपणे वाटले, एवढे पुरे. एकट्या लॉर्ड ॲटकिन यांनी विरोधी मत दिले. कारण ‘आहे’ आणि कारण आहे असे ‘वाटते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि युद्धकाळातही कायद्याच्या शब्दांचा अर्थ बदलता येत नाही, असा त्यांचा आशय होता. त्या वेळी ते एकटे पडले. पुढे १९७९ मध्ये ब्रिटनच्या न्यायाधीशांनीच ॲटकिन यांचे म्हणणे बरोबर होते, असे मान्य केले.

आपल्याशी संबंध

या काळात भारतातही सरकारने भारत संरक्षण नियम लागू केले होते आणि त्यांतील २६ व्या नियमाखाली असंख्य देशभक्तांना खटल्याविना तुरुंगात टाकले होते. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या खटल्यात फेडरल न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर यांनी तो नियम मूळ कायद्याच्या मर्यादेबाहेर असल्याचा निकाल दिला. सरकारने लगेच वटहुकूम काढून ती त्रुटी बुजवली. पण सरकारला प्रश्न विचारता येतो, हे त्या निकालाने दाखवले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेने कलम २२ मध्ये स्थानबद्धतेला जागा ठेवली आणि तिला कुंपणही घातले. स्थानबद्धाला कारणे कळवली पाहिजेत आणि तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे, तर सल्लागार मंडळाचे मत घेतले पाहिजे. मात्र १९७५ च्या आणीबाणीत हे कुंपण कोसळले. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी सरकारची बाजू उचलून धरली. त्यांच्यापुढे लिव्हरसिजच्या खटल्यातील बहुमताचा दाखला होता. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विरोधी मत दिले. पुढे ज्येष्ठता डावलून त्यांना सरन्यायाधीशपद नाकारले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातील एक न्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा तसे लिहिणारे न्यायाधीश होते त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड.

अखेरची वर्षे

रॅमसे कैदेत असतानाच १९४३ मध्ये त्याचा थोरला मुलगा सैन्यसेवेत मरण पावला. २६ सप्टेंबर १९४४ रोजी रॅमसेची सुटका झाली आणि तो पुन्हा संसदेत जाऊन बसला. त्याचे मन पालटले नव्हते. जून १९४५ मध्ये त्याने १२७५ सालचा ज्यूविरोधी कायदा पुन्हा लागू करावा, अशी मागणी केली! नाझींच्या छळछावण्यांतील भीषण दृश्ये तेव्हा साऱ्या जगापुढे आली होती. साठ लाख ज्यूंची हत्या झाली होती. १९४५ च्या निवडणुकीत त्याची जागा मजूर पक्षाने जिंकली. १९५२ मध्ये त्याने एक पुस्तक लिहिले आणि त्यातही तेच जुने आरोप पुन्हा मांडले. ११ मार्च १९५५ रोजी त्याचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, रॅमसेने शेजारी समाजावर आरोप केले, तेव्हा त्याने पुरावा मागितला नाही. सरकारने रॅमसेला डांबले, तेव्हा न्यायालयात पुरावा मांडला नाही. पहिली गोष्ट निंद्य होती. दुसरी संकटकाळी समजण्यासारखी होती, पण धोक्याची होती. आपल्याला आवडणाऱ्या माणसासाठी न्याय मागणे सोपे असते. न आवडणाऱ्या माणसाविषयीही ‘पुरावा कोठे आहे?’ असे विचारता आले, तरच आपण हा धडा शिकलो असे म्हणता येईल. आजकाल भ्रमणध्वनीवर रोज एखाद्या समाजाविषयी, एखाद्या व्यक्तीविषयी काही ना काही मजकूर येतो. तो पुढे पाठवण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःला विचारावा. पालकांनीही मुलांसमोर तो मोठ्याने विचारावा. मुले पाहून शिकतात.

स्वाध्याय

१. ‘प्रोटोकॉल्स’ हे पुस्तक बनावट आहे, हे कोणी व कसे सिद्ध केले?

२. केंट व वोल्कॉफ यांना मिळालेली वागणूक आणि रॅमसेला मिळालेली वागणूक यांत कोणता फरक होता? तो योग्य होता का? दोन्ही बाजूंनी प्रत्येकी तीन मुद्दे लिहा.

३. लॉर्ड ॲटकिन आणि न्यायमूर्ती खन्ना यांच्यातील साम्य तुमच्या शब्दांत सांगा.

४. राज्यघटनेतील कलम २२ शिक्षकांच्या मदतीने वाचा व त्यातील संरक्षणांची यादी करा.

५. घरच्यांसोबत करा : या आठवड्यात घरी आलेला एखादा खळबळजनक संदेश निवडा. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला आणि त्याला आधार काय, हे शोधा. जे सापडेल आणि जे सापडणार नाही, तेही वहीत लिहून वर्गात वाचून दाखवा.